आरतीखालची गिटार

माझ्या थोरल्या भावाने एक कॅसेट काढली होती. तिचं पुढे काय झालं हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

आम्ही धारगळचे. दादा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि त्याला त्या कामाचा वीट आला होता. लाल धूळ कानात, नाकात, जेवायला बसला की भातातसुद्धा. गिटार त्याला गावच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या मुलाने शिकवली. त्याच्याकडे परदेशी ब्लूज-रॉकच्या कॅसेटी होत्या. बोटाने तार ओढून सूर वाकवला की दादा म्हणायचा, "बघ गो, कसो रडता!" बाबांचं एकच, "गिटार वाजवून पोट भरतला?" शेवटी दादाने त्यांना शब्द दिला. कॅसेट चालली तर ट्रक सोडीन, नाही चालली तर गिटारीचं नाव काढणार नाही.

पाव भाजून झाले की दुपारी भट्टीशेजारच्या खोलीत दोघं रेकॉर्डिंग करायचे. गिटार दणदणीत, आणि ड्रमच्या जागी आमचं घुमट, मडक्याला कातडं ताणून केलेलं. एका गाण्यात दशावतारातली झांज. एक गाणं तर चक्क भजनाच्या चालीवर सुरू व्हायचं. घरी त्याची तालीम करताना गिटार मध्येच अशी उसळायची की आई ओरडायची, "मेल्या, देव पळतलो!" शब्द अर्धे मराठी, अर्धे कोकणी, आम्ही घरात बोलतो तसे. मला वेड लावलं होतं त्या गाण्यांनी.

पण वर्षं कसली होती! राज्य होणार, मग राज्याची भाषा मराठी की कोकणी, यावरून सख्खे शेजारी एकमेकांचं तोंड बघत नव्हते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी दादाबरोबर गेले. कॅसेटवाल्याने एक गाणं ऐकलं आणि विचारलं, "हें खंय दवरूं?" ठेवणार कुठे? एका फळीवर भजनं, एकीवर तियात्राची कोकणी गाणी, एकीवर इंग्रजी. मराठीवाल्यांना ती कोकणी वाटली, कोकणीवाल्यांना मराठी, आणि गिटार ऐकून सगळ्यांनाच किरिस्तांवांची, म्हणजे ख्रिश्चनांची. कॅसेटींची पिशवी जशीच्या तशी घरी आली.

मग त्याने कॅसेटी गावात फुकट वाटल्या. "ऐकतील तरी," म्हणाला. लोकांनी हसत हसत घेतल्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. चवथीला आमच्याकडे घरोघर घुमट घेऊन आरत्या होतात, आणि त्या टेप करून मुंबईच्या, आखातातल्या माणसांना पाठवायची तेव्हा पद्धत होती. गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून दादाने प्रत्येक कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडला होता. लोकांनी त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि आरत्या भरल्या. वाईट मनाने नव्हे हो! शेजारची काकी मलाच सांगत होती, "तुझ्या भावाची कॅसेट बरी हां, आवाज कसो स्वच्छ येता." हसावं की तिच्या झिंज्या उपटाव्यात, मला कळेना.

घरात ठेवलेली मूळ कॅसेटही वाचली नाही. ती बाबांनी आरत्या भरायला घेतली. आरती म्हणणारे मुख्य तेच. घरी आलेल्या दादाने त्यांना टेपसमोर गाताना पाहिलं आणि तो घुमट वाजवायला बसला. मी चिडून चिडून रडले, तो घुमट वाजवत राहिला.

बाबा गेल्यावर एकदा त्याच्या ट्रकमधून डिचोलीला निघाले होते. टेपवर तीच कॅसेट, बाबांची आरती चालली होती. आरती संपली, बाबा खोकले, खट झालं, आणि त्या भट्टीशेजारच्या खोलीतली गिटार वाजायला लागली. दादाने हात पुढे करून टेप बंद केला.

"राहू दे ना रे," मी म्हटलं.

"आरती संपली गो," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "फुडे कॅसेट रिकामी आसा."