थंड इंजिनाचा धूर

आमच्या वर्कशॉपच्या छताला काजळी धरते. दिवाळीला पुसावी, तर होळीपर्यंत पुन्हा तेवढीच. किश्शांचंही तसंच. मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात जन्माला आलात, तर ते गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात.

दुरुस्त करणारे म्हणजे माझे बाबा. इंजिन सुरू होतानाचा धूर बघून दुखणं सांगण्यात बंदरात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय, नाहीतर आत पाणी शिरलंय. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि नोकरी लागेपर्यंत त्यांच्या हाताखाली राहिले. तेव्हाचे हे किस्से.

*

नारळी पौर्णिमेची पूजा करून पांडूतात्यांनी बोट सुरू केली, तर काळाकुट्ट धूर! जमलेल्या म्हाताऱ्यांचं एकमत झालं: नजर लागली. दुसरा नारळ आणायला माणूस धावला. तेवढ्यात मी खाली उतरले. पूजेचं नवंकोरं लाल कापड तात्यांनी भक्तिभावाने इंजिनाला गुंडाळलं होतं, ते नेमकं एअर फिल्टरवर! इंजिन श्वास कुठून घेणार? मी कापड सोडवलं. तोवर वर नारळ फुटला होता.

धूर थांबला. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? दुसरा नारळ लागतोच."

*

पांढरा धूर दिसला की बाबा थेट त्या धुरात जाऊन उभे राहत. डोळे झोंबले तर डिझेल, नाही झोंबले तर पाण्याची वाफ. साधी आणि खरी परीक्षा. पण पुढे पुढे ते प्रत्येकच धुरात शिरायला लागले.

एकदा आमचं जुनं गिऱ्हाईक, इब्राहिमचाचा, म्हणाले, "मास्तर, लांबून दिसत नाही काय?"

"लांबून काय, कोणालाही दिसतं," बाबा म्हणाले. सगळे हसले.

मी हसले नाही. त्या दिवशी सकाळीच बाबा चाचांची निळी बोट समजून शेजारच्या पांढऱ्या बोटीवर चढले होते.

*

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन करा म्हणाले. पावसाळ्यात बाबा म्हणाले, ओल असते, जखम चिघळेल. पावसाळा संपला तर म्हणाले, आता सीझन आहे. सीझन संपत आला तर म्हणाले, आंबे होऊन जाऊ देत. आंब्यांचा आणि डोळ्यांचा काय संबंध, हे मी विचारलं. मोठ्यांना असले प्रश्न विचारायचे नसतात, असं आईने सांगितलं.

खरं कारण बाबांच्या तोंडून एकदाच निघालं. "धूर न दिसणाऱ्याकडे बोट कोण आणील गो सुमे? कुठे बोलू नकोस."

*

मी बोलले नाही, पण किती दिवस गप्प बसायचं? एका बोटीचा धूर स्वच्छ निळा होता. बाबांनी पांढरा ठरवून डिझेल फवारणारे नोझल काढायला लावले. मी हळूच म्हटलं, निळा आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "कॉलेजात धूर शिकवतात काय गो?"

नोझल साफ झाले, धूर तसाच. शेवटी इंजिन खोललं तर रिंगाच झिजलेल्या निघाल्या. बाबांनी मालकाला शांतपणे सांगितलं, "मी म्हटलंच होतं."

त्या रात्री मी जेवले नाही. बाबा मात्र व्यवस्थित जेवले.

*

मग इब्राहिमचाचांनी जुनी लाँच घ्यायची ठरवली. त्यांचे दोन्ही मुलगे तिच्यावर समुद्रात जाणार होते, म्हणून इंजिन बघायला बाबांना नेलं. बाबांबरोबर मीही गेले.

लाँचच्या मालकाने आधी चहा मागवला. पुरुषमंडळी वर चहा पीत होती, तेव्हा मी खाली जाऊन इंजिनाच्या हेडवर हात ठेवला. चटका बसला. मी वर येऊन बाबांच्या कानात सांगितलं, आपण यायच्या आधीच चालवून तापवलंय. त्यांनी चहा संपवला.

मालकाने इंजिन सुरू केलं. धुराचं नाव नाही. चाचांचा चेहरा खुलला. मालक म्हणाला, "सांगा मास्तर, काही खोट?"

बाबा म्हणाले, "गरम इंजिन सगळीच चांगली चालतात. बंद करा. थंड झाल्यावर बघू."

मालक म्हणाला, उन्हाने तापलंय. बाबा म्हणाले, फळ्यांखाली ऊन कुठलं? आणि ते धक्क्यावर बसले. चाचा बसले, मुलगे बसले. मालकाने तीनदा चहा विचारला. माशांचा लिलाव उरकून आलेले चार लोकही गंमत बघायला थांबले.

ऊन कललं. मी खाली जाऊन हेडला हात लावला. गार.

इंजिन सुरू झालं, खोकलं, आणि धुराचा मोठा लोट धक्क्यावर आला. मालक घाईने म्हणाला, "पांढरा आहे, थंडीचा. जाईल आत्ता." सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा धुरात शिरले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"सुमे, रंग कुठला तो सांग."