कडी बदलली की आकडा बदलतो

केळुसकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, मुलाच्या घराखाली, नातीला स्कूल बसमध्ये बसवून परत वळत होतो. शैलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो... चहा ठेव म्हणाले आणि गेले." मी पार्किंगमध्येच एका गाडीला टेकून उभा राहिलो. दुःख नंतर आलं. त्याआधी मनात जे आलं ते लिहिताना लाज वाटते : आता कुणालाच कळणार नाही.

आम्ही दोघे पुण्याजवळच्या दारूगोळा कारखान्यात एकत्र होतो. तो आधी इकडे आला, मग त्यानेच मला बोलावून घेतलं. मुसफ्फाच्या पुढे वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब होता. सभासदांच्या स्पर्धेच्या रायफलींसाठी तिथे परवान्याने, हाताने काडतुसं भरत. ते टेबल केळुसकरचं, मी त्याचा जोडीदार. काडतुसात गोळी किती खोल बसवायची, हा त्या कामाचा प्राण. गोळीच्या टोकापासून मोजून भागत नाही, कारण एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांची टोकंसुद्धा सारखी नसतात. गोळीची गोलाई नळीतल्या खाचांना जिथे भिडते, तिथून मोजायचं. त्यासाठी कॅलिपरला, म्हणजे जबड्यांत धरून माप घ्यायच्या मोजपट्टीला, एक छोटी भोकाची कडी लावतात. दोन कड्यांची भोकं केसभर वेगळी असली, तरी एकाच काडतुसाचे दोन आकडे येतात. "आकडा काडतुसाचा नसतो देसाई, कडीचा असतो," तो म्हणायचा. "कडी बदलली की आकडा बदलतो. आधी बरोबर भरलेलं नमुन्याचं काडतूस मोज, मग पुढे जा." मी घाई केली की चिडवायचा, "तू साखर घालायच्या आधीच चहा ढवळणारा माणूस!"

मी तेव्हा नवी कडी मागवली होती. त्याची जुनी झिजली आहे, माझी जास्त अचूक आहे, असं मी त्याला ऐकवत असे. ओळखू यावी म्हणून बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपकाही तिच्यावर दिला होता. त्या आठवड्यात त्याची दाढ काढली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका वयस्कर अरब सभासदाची काडतुसं भरायची होती. केळुसकरने सुजलेल्या तोंडानेच फोनवर आकडा सांगितला आणि बजावलं, "माझी कडी लाव. ड्रॉवरमध्ये आहे."

"लावली रे बाबा, यल्ला, चल, झोप आता," मी म्हणालो.

मी माझीच लावली. नमुना मोजला नाही. माझ्या कडीचं भोक किंचित मोठं होतं. त्यामुळे त्याच्या आकड्याला प्रत्येक गोळी जेवढी आत जायला हवी होती, तेवढी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी काही कारणाने स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. त्या सभासदाने रायफलीत भरलेलं काडतूस नियमाप्रमाणे न झाडताच बाहेर काढलं, तर नुसतं पितळी टरफल हातात आलं. गोळी नळीत रुतून बसली होती आणि दारू रायफलीच्या पोटात सांडली होती. कुणाला इजा झाली नाही. पण मुलानातवंडांसमोर त्या म्हाताऱ्याला रायफल खाली ठेवून परत फिरावं लागलं. क्लबचे सेक्रेटरी हैदराबादचे. ते तडक वर्कशॉपमध्ये आले. "ये किसने भरा?" डब्यावर नेहमीप्रमाणे केळुसकरच्या नावाची चिठ्ठी होती. तो तेव्हा टेबलापाशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी बोलायला हवं होतं. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो. केळुसकर वळला आणि म्हणाला, "मेरा हाथ चुका, साब. दाँत का दर्द था."

खलास. त्याला स्टोअरमध्ये टार्गेटचे कागद वाटायला बसवलं, निवृत्तीपर्यंत. त्याचं टेबल मला मिळालं.

त्या संध्याकाळी माझी कडी काढून ठेवायला मी वर्कशॉपमध्ये गेलो, तर केळुसकरच्या कॅलिपरवर कडी नव्हतीच. आपणच गडबडीत काढली असेल आणि हरवली असेल, असं मी स्वतःला समजावलं. केळुसकरने कधी विषय काढला नाही. शुक्रवारी चहाला येत राहिला. इथल्या मराठी मंडळात मात्र तो किस्सा झाला. गणपतीच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारायचं, "केळुसकर, मोदक नीट उतरला ना? की अडकला?" तो हसायचा. मीही हसायचो... हे सर्वांत वाईट.

शोकसभेतही कुणीतरी प्रेमानेच तो किस्सा सांगितला. ओल्या डोळ्यांनी सगळा हॉल हसला. केळुसकरचा मुलगा निखिल मान खाली घालून बसला होता. माझ्या शेजारचा माणूस कुजबुजला, "एवढी एकच चूक हो, नाहीतर हात देवाचा." त्यानंतर माइक माझ्या हातात आला, आणि मी मैत्रीवर बोललो.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी त्याचा कॅलिपर मला दिला. "तुम्हालाच यातलं कळतं," म्हणाल्या. घरी येऊन पेटी उघडली. कॅलिपरचे जबडे किंचित उघडे होते. धातू उन्हाने फुगतो, थोडी फट ठेवावी, ही त्याची सवय. स्पंजच्या खाचेत त्याची जुनी कडी होती आणि तिच्याखाली लाल ठिपक्याची माझी.

म्हणजे टेबलापाशी आमच्याकडे पाठ करून उभा असतानाच त्याने ती ओळखून, काढून खिशात घातली होती.

मी तसाच परत गेलो आणि वहिनींना, निखिलला सगळं सांगितलं. निखिल उठून बाल्कनीत गेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरात सांगून नाही भागायचं. हॉलभर लोक हसले होते. त्या सगळ्यांना कळू दे." म्हणून हे लिहिलं. काडतुसं मी भरली होती. केळुसकरचा हात कधी चुकला नव्हता.

कॅलिपर आता माझ्या टेबलावर असतो, जबड्यांत तेवढीच फट ठेवून. कडी शेजारी आहे, ठिपका वर करून. काल नातीने ती बोटात घालून पाहिली. "आजोबा, हूज रिंग इज धिस?"

"माझी," मी म्हणालो.