बुरशीबाईंच्या बाटल्या

बुरशीबाई माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी मान, मग मनगट, मग शर्ट पँटमध्ये खोचतात तिथली कंबर. डांगे चौकातून सकाळच्या बसला आम्ही दोघी सोबत असलो की मला धास्तीच असायची. एकदा कंपनीच्या गणवेशातला एक मुलगा आमच्यापुढे उभा होता. बाईंनी त्याच्या कॉलरखालच्या चट्ट्याकडे बोट दाखवलं आणि भर बसमध्ये विचारलं, किती महिने झाले, आणि मलम कुठलं लावतोस. तो लाजून पुढे सरकला, तर या त्याच्या मागोमाग. उतरताना त्याच्या हातात आमच्या खोलीचा नंबर होता. त्या आठवड्यात तो खरंच आला, सोबत तो राहायचा त्या खोलीतल्या आणखी दोघांना घेऊन.

आमची खोली म्हणजे शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची बुरशीची प्रयोगशाळा. बाई थेरगावच्या जुन्या शेतकरी घरातल्या. भावांनी जमिनी विकून मोठ्या गाड्या घेतल्या, या मात्र शेवटपर्यंत बसने आल्या. दहावी झाल्यावर मदतनीस म्हणून लागल्या आणि काचा धुता धुता सगळं शिकल्या. बुरशीबाई हे नाव हॉस्पिटलने ठेवलेलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. वडील चाकणला पत्र्याच्या प्रेसशॉपमध्ये हेल्पर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणाला विसरू द्यायची नाही. म्हणून बाई मला ग्रॅज्युएट म्हणायच्या. "ग्रॅज्युएट, ती काच आण गं." त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, ते मला कधी नीट कळलं नाही.

आमच्याकडे यायची ती बहुतेक चाकणच्या कारखान्यांच्या शेडमधली मुलं. एका खोलीत आठ-दहा जण, खाटा चार. पहिल्या शिफ्टचा उठला की रात्रपाळीवाला त्याच खाटेवर, त्याच चादरीवर आडवा. अंगावर दिवसभर घामाने भिजलेला जाड गणवेश. जांघेत, कमरेला नायटा. बाई बोथट पात्याने कातडीचा कोंडा खरवडायच्या आणि तोंडाने चालूच असायच्या. एकाला म्हणाल्या, "लेका, हे तुझं एकट्याचं न्हाई, तुझ्या खाटंचं हाय. चौघं मिळून गोळ्या खा, न्हाईतर कुणीच खाऊ नका." कुणी ऐकायचं नाही. खाज थांबली की गोळ्या बंद, आणि मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम. मेडिकलवाल्याला एकदा इथं आणून बसवा, त्यालाच खरवडते, असं त्या म्हणायच्या.

त्यांची खरी आवड बाटल्यांची होती. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, उकळून, त्यात निर्जंतुक केलेलं शुद्ध पाणी भरायच्या. उगवलेल्या बुरशीचा कण त्यात सोडायचा, रबरी बूच लावायचं, वर चिकटपट्टीवर बॉलपेनने तारीख आणि खूण. अशा बाटल्यांनी कपाटाच्या तीन फळ्या भरल्या होत्या. मी म्हटलं होतं, नुसत्या पाण्यात कशी जगेल? त्या म्हणाल्या, "खायला दिलं की लाडावती, रूप बदलती. पान्यात ठिवली की हाय तशी ऱ्हाती." बारा वर्षांपूर्वीची एक बाटली त्यांनी माझ्यासमोर उघडून काचेच्या बशीत, बुरशीच्या खाद्यावर लावली. आठवड्यात बशीवर पांढरी बुरशी वर आली. मी पुस्तकात शोधलं, तर पद्धत खरी निघाली. मी ते त्यांना सांगितलं नाही.

मग त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. पूर्वी नायट्याची बुरशी बशीवर वाढली की बहुतेक वेळा खालून लालसर दिसायची. पांढऱ्या पिठासारखी क्वचित यायची. आता पिठासारखीच जास्त यायला लागली, आणि तीही भराभर वाढणारी. बाईंनी नेहमीची गोळी स्पिरिटमध्ये विरघळवून बशीत घातली. ही बुरशी त्यातही वाढली. त्या साहेबांकडे गेल्या, म्हणाल्या, ही पहिल्यासारखी नाही. आमचे प्रमुख डॉक्टर भले गृहस्थ. पुरावा हवा, एवढंच म्हणाले. तेव्हापासून बाईंनी मधली फळी त्यासाठीच ठेवली. पुढची काही वर्षं दर महिन्याच्या नव्या बाटल्या तिथे. मला म्हणाल्या, "आपन मारतो त्यातनं जी उरती, तिचीच पोरं वाढत्यात. कवापासनं उरली ते या फळीत सापडंल बघ."

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या तीन आठवडे रजेवर होत्या, आणि नेमकं तेव्हाच तपासणी पथक येणार असल्याचं पत्र आलं. साहेब म्हणाले, ज्यांची नोंद नीट आहे त्या बाटल्या ठेवा, बाकीच्यांचं बाई आल्यावर बघू. मी थांबले नाही. मधल्या फळीवरची अक्षरं ओलाव्याने पसरली होती. मला त्या बाटल्या पसारा वाटल्या, आणि पथकासमोर स्वच्छ कपाट माझ्या नावावर हवं होतं. एका दुपारी मी ती सबंध फळी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर घालून मारली. नोंदवहीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, वाढ मृत. एकही बाटली तपासून पाहिली नव्हती.

बाई परत आल्या, कपाट उघडलं, मग वही उघडली. सगळ्याच मेल्या का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. चष्मा काढून त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "माझंच पानी चुकलं आसंल." त्या दिवसानंतर त्यांनी एकही बाटली भरली नाही. मी विचारलंही नाही, का म्हणून. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या.

त्यानंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडम आमच्याकडे आल्या. गोळीला दाद न देणारा नायटा देशभर पसरला होता आणि मॅडम त्या बुरशीचा सगळा जीनोम, म्हणजे तिच्या वारशातलं अक्षर न् अक्षर वाचत होत्या. नवे नमुने त्यांच्याकडे भरपूर होते. जुने कुणाकडेच नव्हते. मी बाईंच्या जुन्या बाटल्यांची वरची फळी दाखवली. त्यांनी एकेक बाटली बाळ उचलावं तशी उचलली. काही महिन्यांनी निकाल आला. बाईंच्या जुन्या पिठासारख्या बुरश्या एकमेकींपासून वेगळ्या होत्या. नव्या सगळ्या मात्र जवळपास सारख्या, एकाच आईच्या लेकी असाव्यात तशा. गोळी बुरशीत जिथे पकडते, तिथलं एक अक्षर नव्यांपैकी बहुतेकींत बदललं होतं. जुन्या एकीतही नाही. मॅडम म्हणाल्या, हे कधी घडलं ते मधल्या वर्षांच्या नमुन्यांवरून कळलं असतं. आहेत का? मी नाहीत म्हटलं.

मी बाईंकडे गेले. किडन्या गेल्या होत्या, आठवड्याला तीनदा डायलिसिस. भावाच्या इमारतीत गॅलरीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. तुमचं खरं निघालं, असं मी सांगितलं. त्या हसल्या. मग हात हलवत म्हणाल्या, मधली फळी जगली असती तर वर्षही कळलं असतं, पण आपलंच पाणी वाईट. तेव्हा मला सांगणं भाग पडलं. मी सगळं सांगितलं.

"एक तरी लावून बघितली व्हतीस?"

"नाही, बाई."

"मंग मेल्या कशावरनं लिव्हलं?"

खालून कुणाचा तरी टेम्पो मागे घेतल्याचा आवाज येत राहिला. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजी पानी चांगलं व्हतं. आन मी उगंच सोडून दिलं."

एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या वहिनींनी चहा आणला, तो आम्ही दोघींनी प्यायला. महिन्याभरात त्या गेल्या.

नोंदवहीतल्या त्या ओळीखाली मी लाल शाईने खरं काय ते लिहून सही केली. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. मॅडमांनाही कळवलं, त्या म्हणाल्या, लेखात इतकं लिहिता येत नाही, 'नमुने उपलब्ध नाहीत' असंच जाईल. तसंच गेलं. शेवटी आभारांत बाईंचं पूर्ण नाव आहे. माझंही होतं, ते मी काढायला लावलं. लेखात एक तक्ता आहे. एका टोकाला बाईंच्या जुन्या बाटल्या, दुसऱ्या टोकाला आजची बुरशी, आणि मध्ये बरीच कोरी जागा. बघणाऱ्याला वाटेल, त्या वर्षांत इथं कुणी काही जपलंच नाही. जपलं होतं.