आधी चिंच, मग कल्हई

सहभागी क्रमांक ४१. पुरुष, वय ७१, राहणार कारधा. निदान: थायरॉइड मंद. हातांची पकड: असमाधानकारक. व्यवसाय: निरंक. शेरा: औषधोपचाराचे पालन न केल्यामुळे अभ्यासातून वगळण्यात यावे.

सेवकरामचे एवढे नेटके वर्णन त्याच्या लग्नपत्रिकेतही आले नव्हते. 'निरंक' हा शब्द त्याला नक्की खटकला असता. पण मूळ फॉर्म इंग्रजीत होता, त्यामुळे कुणालाच त्रास झाला नाही.

चव्वेचाळीस वर्षे तो वैनगंगेचा पूल सायकलने ओलांडून भंडाऱ्याच्या एका पितळी भांड्यांच्या दुकानात जात होता. काम एकच: भांड्यांवर नावे घालणे. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लावत अक्षर. मागच्या अंगणात दिवसभर ठोकाठोक चाले. त्या गल्लीत बोलायचे म्हणजे ओरडावे लागे. सवयीने तो घरीही ओरडूनच बोले, आणि सत्यभामाबाईंची पहिली दोन वर्षे नवरा रागीट आहे या समजुतीत गेली.

तेव्हा पाण्याचा पितळी गुंड घेतल्याशिवाय नवरी सासरी निघत नसे, आणि नावाशिवाय गुंड निघत नसे. सेवकरामच्या लग्नाआधी नवरीचा मामाच गुंड घेऊन दुकानात आला. नाव घालणारा पोरगा हाच नवरदेव, हे मामाला माहीत नव्हते. सेवकरामनेही सांगितले नाही. बायकोचे तोंड पाहायच्या आधी त्याने तिचे नाव पितळेत कोरले. त्यातला 'भा' जरा मोठा आला आहे. तो कौतुकाने आला की घाईने, यावर घरात अजून एकमत नाही. पुढे दोन्ही पोरींचे गुंड त्यानेच केले. आता नातीचा, रुपाचा, राहिला होता. लग्न अठरा मेला, सासर नाकाडोंगरी. कोरा गुंड दिवाळीतच आणून ठेवला होता.

पण दोन वर्षांपासून बोटे बधिर झाली होती. छिन्नी धरली की ती हातात आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागे. भंडाऱ्याच्या एप्रिलमध्ये, माणसे ओले फडके डोक्यावर घेऊन फिरतात तेव्हा, सेवकराम स्वेटर घालून ओट्यावर बसे. शेवटी डिसेंबरात मुलाने, म्हणजे रुपाच्या बापाने, मनिषने त्याला दवाखान्यात नेले. थायरॉइड निघाली. तिथेच प्रतिक्षा भेटली. शहापूरची पोरगी, डॉक्टरकीच्या मोठ्या परीक्षेसाठी पेशंटांच्या रक्ताचा अभ्यास करत होती: गोळ्या सुरू करण्याआधी एकदा रक्त, तीन महिन्यांनी पुन्हा.

"काय पाहून राहिली रक्तात?" सेवकरामने विचारले.

"आबाजी, थायरॉइड मंद झाली का शरीराचं काम बिघडते. आत जे जळते ना, त्याचा कचरा नीट साफ होत नाही. पेशींवर गंज चढल्यासारखं होते. त्याले ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतेत."

"गंज लोखंडाले चढते, पोरी. पितळ काळी पडते."

"बरं, तसं समजा," प्रतिक्षा म्हणाली. तिच्यामागे अजून अकरा पेशंट होते.

सेवकरामने तसेच समजले. पितळ काळी पडली तर काय करायचे, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि घाणेरड्या भांड्याला कल्हई लावणारा कारागीर त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आधी चिंचेने घासून लख्ख, मग कल्हई. म्हणून गोळ्यांची पाकिटे त्याने पितळी डब्यात झाकून ठेवली आणि रोज सकाळी अनशापोटी पेलाभर चिंचेचे पाणी सुरू केले.

मार्चमध्ये दुसरे रक्त गेले. रिपोर्ट पाहून प्रतिक्षाने कपाळाला हात लावला. थायरॉइडचा आकडा उतरायला हवा होता, तो अठराचा सव्वीस झाला होता, आणि गंजाचा आकडाही चढला होता.

"आबाजी, गोळ्या घेऊन राहिले ना?"

"घेईन ना. आधी साफ तं होऊ दे."

"काय साफ होऊ दे?"

त्याने सांगितले. शेजारी बसलेल्या सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अवो, तीन महिने माह्या चिंचा खपवल्या! मले वाटलं, म्हाताऱ्याले डोहाळे लागले!"

"हास तू. चिंचेनं तुह्या गुंडाले अजून सोन्यावानी ठेवलं का नाई?"

"माणूस काय गुंड हाय? मले गोळ्या देल्या तं मी गोळ्याच खाईन," सत्यभामाबाई म्हणाल्या.

प्रतिक्षा हसली नाही. "चूक माही हाय, आबाजी. मीच गंज म्हटलं. हा गंज बाहेरून घासाचा नाही. गोळीनं काम सुरळीत झालं तं तो आतूनच कमी होऊ शकते. रोज सकाळी, साध्या पाण्यासंग, बस."

"मंग माहे हात? लगन अठरा मेले हाय."

"दोन महिन्यांत थोडा फरक पडल. पूर्ण नाही सांगत मी."

फॉर्मवर तिने अभ्यासातून वगळण्याचा शेरा लिहिला. नियमाप्रमाणे दुसरे काही लिहिता येत नव्हते.

घरी मनिष म्हणाला, "बाबा, मशीनवर टाकून आणतो. दोन मिनटाचं काम हाय."

"तुह्या मायचा गुंड मशीनवर टाकला असता तं तू विचारलं असतं का, हा 'भा' मोठा काहून हाय म्हणून?"

उचललेला गुंड मनिषने परत जागेवर ठेवला. लहानपणी त्याने हे खरेच विचारले होते.

एप्रिल सरता सरता स्वेटर खुंटीवर गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात सेवकरामने गुंड मांडीवर घेतला. पूर्वी असे नाव अर्ध्या तासात होई. आता नऊ दिवस लागले. रोज सकाळी गोळी, मग तासभर थांबून चहा, मग पाच-सहा ठिपके. मधेच बोटे रुसत, की तो थांबून त्यांच्याकडे पाहत बसे. सत्यभामाबाई आपला जुना गुंड नमुन्यासाठी शेजारी आणून ठेवत आणि आत जात. भंडाऱ्याच्या त्या गल्लीत आता भांड्यांच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. घरातली ही टक्टक् तेवढी जुन्या आवाजातली उरली होती.

अठरा मेला गुंड रुपाबरोबर नाकाडोंगरीला गेला. ओळ थोडी चढली आहे, दोन ठिपके जागा सोडून पडले आहेत. सहभागी क्रमांक ४१ ची पकड कागदोपत्री आजही असमाधानकारक आहे, आणि व्यवसाय निरंक.

नाव वाचता येते.