धाकट्या रातव्याचा आवाज

रातवा हा मोठा आडमुठा पक्षी. दिवसभर जंगलात पाचोळ्यावर पाचोळ्यासारखाच पडून राहतो. अंगावर पाय पडायची वेळ आली तरी हलेल तर शपथ. त्यात त्या जंगलात त्याच्या दोन जाती. पिसं तीच, डोळे तेच, घरटं न बांधता उघड्या जमिनीवर अंडी घालण्याचा आळसही तोच. फरक काय तो आवाजात. थोरला लाकूड ठोकल्यासारखा ठक् ठक् करतो आणि मिळेल त्या झुडपात संसार थाटतो. धाकट्याचा आवाज बारीक, टोकदार, आणि त्याला जुन्या झाडांखालचा जाड पाचोळाच लागतो. म्हणून वनखात्याने ठरवून टाकलं होतं, की नुसता थोरला असेल तिथे झाडं तोडायची, धाकटा असेल त्या पट्ट्याला हात लावायचा नाही.

कुठे कोण आहे ते सांगायचं काम कानसेनचं. त्याचं खरं नाव कार्यालयात कुणी घेत नसे. जंगलात लावलेली यंत्रं रात्रीचे आवाज टिपत आणि हा दिवसा कोंदट खोलीत हेडफोन लावून ते ऐकत बसे. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती. पुढच्या वर्षी निवृत्ती होती आणि तोवर कसंबसं रेटायचं, एवढंच आता मनात होतं. घरी बायको काही बोलली की तो नुसतं "हं" म्हणे. ती म्हणे, "तुमचं लक्षच नसतं." त्यालाही तसंच वाटे.

एक दिवस तो गोळ्या घरी विसरला, म्हणून बायको त्या घेऊन आली.

"बघू तरी, कुणाच्या जिवावर आपलं घर चाललंय," म्हणत तिने हेडफोन कानाला लावला. जरा वेळाने म्हणाली, "ठक् ठक् छान आहे. पण मधेमधे हे चीक चीक कोण करतंय?"

"कुठे?"

"अहो, हे काय. आत्ता. हे परत."

त्याने हेडफोन घेतला. ठक् ठक्. आवाज वाढवला, आणखी वाढवला. नुसतं ठक् ठक्. सकाळीच त्याने हा पट्टा तोडायला मोकळा करून टाकला होता.

"ऐकू येत नाही तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "मी काही ऐकलं नाही असं समजा. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. कुणाला कळणार आहे?"

हो म्हणावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं, इतका तो दमला होता. पण तो पक्षी डोळ्यांसमोरून हलेना. करवत अगदी जवळ आली तरी तो बसूनच राहणार, आपण कुणाला दिसत नाही या भरवशावर. कानसेन उठला आणि साहेबांच्या खोलीत गेला.

साहेब रागावले नाहीत. तेही थकलेलेच होते. "तोड थांबवतो," ते म्हणाले. "पण पुन्हा ऐकायला दुसरा कान आणू कुठून?"

"घरचा आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बायको शेजारी बसू लागली. धाकटा बोलला की ती बोट वर करी आणि तो नोंद करी. चालू वर्षाचे पट्टे संपले. गेल्या वर्षीचा उतारावरचा पट्टा राहिला होता. तो तोडूनही झालेला, तिथे आता नुसते बुंधे उरलेले. तो ऐकायची गरज नाही, असं साहेबांनी स्वतःच सांगितलं होतं. त्याने तरीही तिथले टिपलेले आवाज लावले.

लावल्या लावल्या बोट वर गेलं. पुन्हा गेलं. पुन्हा. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खाली बघत बसली.

"थांबलं?" त्याने विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग बोट वर कर," तो म्हणाला. "मला तेवढंच ऐकू येतं."