मिशीवाली मामा

जपानमध्ये मिशा असलेली आई एकच आहे, आणि ती म्हणजे माझ्या मित्राचे मामा. यात अतिशयोक्ती असलीच तर ती मिशांपुरती, कारण त्या आता बऱ्याच विरळ झाल्या आहेत. मामा मूळचे नगरचे ख्रिस्ती. टोकियोत एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. मग मामी वारल्या, आणि वर्षभरात नोकरी सोडून मामा थेट डोंगरात गेले. तिथे माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ पडतो, आणि तिथल्या एका चर्चने चालवलेल्या निवासात बिघडलेल्या मुलामुलींना ठेवून घेतात. मामा तिथे स्वयंपाकी, आणि त्याशिवाय पडेल ते काम करणारे. 'बिघडलेल्या' हा शब्द माझा. मामांपुढे तो एकदाच उच्चारला, तर पळी रोखून म्हणाले, "बिघडायला ती काय मिक्सर आहेत?"

त्यांना आईपद मिळालं ते पहिल्याच दिवशी. ओळख करून द्यायला उभे राहिले, पण आडनाव जपानी जिभेला काही केल्या झेपेना. तेव्हा मोठ्या मनाने म्हणाले, "मला सगळे मामा म्हणतात, तुम्हीही मामाच म्हणा." जपानीत 'मामा' म्हणजे आई. पंचवीस वर्षं जपानीत मीटिंगा केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या डोक्यात मामा म्हणजे मामा हे इतकं घट्ट बसलेलं असतं, की शब्द तोंडातून निसटल्यावरच उजेड पडतो. कुणी शाळेतून काढलेली, कुणी दुकानात चोरी करताना सापडलेली ती सोळा-सतरा वर्षांची पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. दुसरा कुणी असता तर लगेच दुरुस्ती केली असती. मामांनी केली नाही. एवढी हसली आहेत तर राहू दे, असा त्यांनी हिशेब केला, आणि तेव्हापासून 'मामा बर्फ काढतेय', 'मामाने दाढी नाही केली' असं तिथे खुशाल बोललं जातं.

माझं टोकियोतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा मी तिथल्या ओजिमा भागातल्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे बघत बसलो होतो. मामांचा फोन आला, हिवाळाभर मुलांना गणित शिकवायला ये म्हणून. मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे गणपती बसतो, असं मी चाचरत सांगितलं. त्यांनी फक्त बर्फ काढता येतो का एवढंच विचारलं. येत नव्हता. आठवड्याभरात येऊ लागला, आणि त्यानंतर आठवडाभर हात वर होत नव्हते.

मामांची प्रार्थना मराठीत असे आणि तपशीलवार असे. केरोसीनचा ट्रक दहाच्या आत पाठव, ड्रायव्हरला चाकांना साखळ्या बांधायची बुद्धी दे, कोपऱ्यातल्या मुलाचं सर्दीचं नाक मोकळं कर, अशी यादी सुरू झाली की सूप गार व्हायची वेळ येई. मुलांना त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण संपल्याचं कळे, आणि 'आमेन' अशी गर्जना होई की छपरावरचा बर्फ हलावा. चिकट जपानी भाताचा ते फोडणीचा भात करत. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म कोकलायला लागे, आणि मुलं बाहेर पळण्याऐवजी ताटल्या घेऊन आत पळत येत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने हे पाहून कपाळाला हात लावला, आणि जेवूनच गेला.

पण खरी कमाल भांडणांच्या वेळी. मामा कधी ओरडत नसत. जुनी टेस्टिंगची सवय, ते म्हणत, पुन्हा करून दाखवा. अगदी सुरुवातीपासून. तू कुठे उभा होतास, आधी काय म्हणालास, मग याने काय केलं. एकमेकांची कॉलर धरलेली दोन मुलं मामांच्या सूचनेबरहुकूम तेच भांडण तिसऱ्यांदा करायला लागली की कुणाला तरी हसू फुटायचंच. एकाने तक्रार केली की खऱ्या भांडणात यानं याहून जोरात मारलं होतं. मामांनी ते वहीत लिहून घेतलं.

मामांना 'मामा' न म्हणणारी एकच मुलगी होती. तिला आपण हारुका म्हणू. सोळा वर्षांची. दहाव्या वर्षी आई तिला आजीकडे सोडून गेली होती, आणि आता सावरल्यावर न्यायला येत होती. दोनदा आली, दोनदा ही न्हाणीघरात कडी लावून बसली. या वेळीही भेट झाली नाही तर मार्चनंतर हिला दूरच्या दुसऱ्या संस्थेत पाठवायचं, असं वरून ठरलं होतं. हारुका मामांना 'अहो' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटे. मामा वरून बेफिकीर दिसत, पण तिच्यापुढे ताट ठेवताना क्षणभर थांबत. ती 'मामा' म्हणेल म्हणून वाट बघत. मला त्यांचं ते थांबणं बघवत नसे.

फेब्रुवारीत आई तिसऱ्यांदा आली. ती संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसली, आणि हारुका फावडं घेऊन स्वयंपाकघराच्या मागे गेली. मी आणि मामा तिथल्याच शेडपाशी वाट मोकळी करत होतो. एवढ्यात छपरावरचा बर्फ धप्पकन सुटला. कमरेपर्यंतच गाडली गेली ती, लागलं नव्हतं, पण घाबरून तिने हाक मारली, "मामा!"

सबंध हिवाळ्यात पहिल्यांदा. मामा फावडं टाकून धावले. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आई बाहेर आली, तशीच, नुसत्या मोज्यांवर, बर्फातून धडपडत. मामा इतके अचानक थांबले की मी त्यांच्यावर आदळलो. त्यांनी माझी बाही धरून मला शेडमागे ओढलं.

मी म्हणालो, "मामा, तिने तुम्हाला हाक मारली."

"गप्प बस," ते म्हणाले. "ती बघ, पोचली."

आई उघड्या हातांनी बर्फ उपसत होती. हारुकाची नजर तिच्या मोज्यांवर गेली. मग म्हणाली, "बूट कुठे आहेत तुझे?" आईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि रडायला लागली. हारुका हिसका देऊन वर आली, तिचाही एक गमबूट आतच अडकला. चार पायांत मिळून एक बूट, अशा त्या दोघी घरात गेल्या. हाक नक्की कुणाला होती, ते आम्ही तिला कधीच विचारलं नाही.

मार्चअखेर ती आईबरोबर घरी गेली. निघताना सगळ्यांपुढे वाकली. मामांपुढे आली तेव्हा 'ओजीसान' म्हणाली, म्हणजे आजोबा. मामा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बघ, बढती मिळाली." आणि हसले. मामा-मामींना मूल नव्हतं. इतकी वर्षं मला हे माहीत होतं, पण ते मनाला लागलं त्या दिवशी.

बस वळणाआड गेली आणि आम्ही आत आलो. वाढायला घेतलं तर भात जास्त झालेला. सवयीने मामांनी तिच्या वाटणीचेही तांदूळ धुतले होते. तो भात त्यांनी माझ्या ताटलीत वाढला, आणि माझं पोट भरलेलं असूनही मी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.