भिंतीपासून गटारापर्यंत

गळ्यात कायम शिट्टी, म्हणून विद्यापीठात तिला शिट्टीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘मॅडम’. पण पाठ वळली की पहिल्या वर्षाच्या पोरांपासून कुलसचिवांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी मुलींच्या वसतिगृहाच्या दारात लाकडी स्टुलावर बसून तिने नोकरी सुरू केली होती. आता ती पूर्व फाटकाची सुपरवायझर होती. हाताखाली एकोणीस गार्ड आणि चार वॉकीटॉकी, त्यातले दोन मुके.

सुरक्षा म्हणजे काय, याबद्दल विद्यापीठात प्रत्येकाचं मत वेगळं होतं. प्राध्यापकांच्या मते सावलीतल्या जागेवर दुसऱ्या कुणाची गाडी लागू न देणं म्हणजे सुरक्षा. ग्रंथालयाच्या मते छत्र्या सांभाळणं. एका विभागप्रमुखांनी तर एकदा तिला फोन करून वर्गात शिरलेलं मांजर पकडायला बोलावलं होतं, आणि ती पोहोचेपर्यंत मांजर कंटाळून निघून गेलं होतं. ही असली कामं करताना ती चडफडायची, पण करायची. घरी आल्यावर मात्र नवऱ्याच्या शिलाई मशीनशेजारी बसून दिवसभराची सगळी भडास काढायची. नवरा शिंपी. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे त्याला मध्ये बोलता यायचं नाही, आणि त्यांचा संसार बरा चालण्याचं ते एक मोठं कारण होतं.

एका मंगळवारी दुपारी तिच्या केबिनमध्ये एक मुलगी आली. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची. पाठीवरची बॅग तिने पोटाशी धरली होती. पाणी पुढे केलं तर नको म्हणाली.

“मॅडम, एक माणूस रोज उभा असतो,” ती म्हणाली. “आज नववा दिवस.”

“कुठे?”

“फाटकासमोर. शेडखाली.”

विद्यापीठाचे दोन भाग होते, मधून मोठा रस्ता. एका अंगाला विज्ञान इमारत, पलीकडे वसतिगृहं. पूर्व फाटकातून बाहेर पडलं की भिंतीच्या कडेने दोनशे पावलं चालायचं आणि मग सिग्नलला रस्ता ओलांडायचा. भिंत आणि रस्त्याकडेचं गटार यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा होता. त्याच्यावर बसथांब्याची शेड, एक झेरॉक्सची टपरी आणि बारा महिने तेरा काळ खड्डे.

माणूस विद्यापीठाचा नव्हता. आधीच्या कॉलेजात तो तिच्या पुढच्या वर्गात होता. त्याने विचारलं होतं, तिने नाही म्हटलं होतं, एवढीच ओळख. आता ती फाटकाबाहेर आली की तो दहा पावलं मागे ठेवून तिच्याच वेगाने चालायचा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही.

“आणि काल त्याने मला फोटो पाठवला,” मुलीने मोबाईल पुढे केला. “माझ्या टाइमटेबलचा. आमच्या विभागाच्या फळ्यावरून काढलेला.”

म्हणजे तो आतही येऊन गेला होता. शिट्टीबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तशीच उठली आणि बाहेर गेली. तो उभाच होता. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ दाढी, हातात पुस्तक. बघणाऱ्याला वाटावं, प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला आलाय.

“काय काम आहे इथे?” तिने विचारलं.

“बसची वाट बघतोय.”

“नऊ दिवस?”

“बस उशिरा येतात,” तो हसून म्हणाला. “आणि बाई, तुमची हद्द त्या भिंतीला संपते. मी चौकशी केली आहे.”

राग आला तो याचा, की त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. दोन वर्षांपूर्वी एका गार्डने भिंतीबाहेर एका दारुड्याची कॉलर धरली होती, तेव्हा गार्डच निलंबित झाला होता. तेव्हापासून लेखी हुकूम होता: सुरक्षा कर्मचाऱ्यांनी भिंतीबाहेर कारवाई करू नये.

ती मुलीला घेऊन पोलीस चौकीत गेली. चौकीतल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, फोटो पाहिला, मानही हलवली. मग म्हणाले, “पण बाई, गटारापर्यंतची जागा विद्यापीठाची आहे. तुमच्या आवारातल्या प्रकरणात कुलसचिवांच्या पत्राशिवाय हात घालायचा नाही, असं मागच्या आंदोलनानंतर वरून ठरलंय. पत्र आणा, उद्या उचलतो त्याला.”

ती कुलसचिवांकडे गेली. कुलसचिव सभ्य गृहस्थ. आवाज कधी चढत नसे, आणि फाईल कधी पुढे सरकत नसे.

“भिंतीबाहेर आपलं काही नाही,” ते म्हणाले.

“साहेब, पोलीस म्हणतात आपलंच आहे.”

“म्हणू देत. आपण पत्र दिलं तर जागा आपली आहे असं मान्य केल्यासारखं होईल. मग ते खड्डे कुणाचे? गटार कुणाचं?”

“आणि ती मुलगी कुणाची, साहेब?”

यावर कुलसचिवांनी चष्मा पुसायला घेतला.

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. शिट्टीबाईने मग स्वतःपुरता एक मार्ग काढला. रोज साडेचारला, मुलीचं प्रॅक्टिकल सुटलं की, ती ड्युटीच्या वहीत ‘फेरी’ असं लिहायची आणि मुलीच्या शेजारून दोनशे पावलं चालायची. सिग्नल, रस्ता, वसतिगृहाचं दार. कारवाई करायची नाही असा हुकूम होता. चालायचं नाही असं कुठे लिहिलं नव्हतं. तो माणूस दहा पावलं मागून यायचा. कधीकधी शीळ घालायचा.

“तुम्हाला पण त्रास,” मुलगी एकदा म्हणाली.

“अगं, गाड्या हलवण्यापेक्षा हे बरं. हे तरी माझं काम आहे.”

पण हे किती दिवस चालणार? जागा कुणाची हे कुठेतरी कागदावर असणारच, असं तिच्या मनाने घेतलं. विद्यापीठाच्या मालमत्ता विभागात एक नकाशेवाला कारकून होता. जुने नकाशे त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, आणि तो रजेवर. आला तेव्हा म्हणाला, अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाला, कारण लिहा. कारण लिहिलं तर म्हणाला, हे कारण यादीत नाही. चौथ्या खेपेला ती त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली आणि बसूनच राहिली. बोलली काही नाही. पाऊण तासाने त्याला जेवायचा डबा उघडायचा होता आणि तिच्यासमोर उघडवेना.

“बघा आणि जा,” म्हणत त्याने नकाशा टेबलावर पसरला. “मी दाखवला नाही.”

नकाशावर स्पष्ट होतं. विज्ञान इमारतीच्या पायरीपासून हद्द बासष्ट फूट. तिने आकडा तळहातावर लिहून घेतला.

रविवारी ती नवऱ्याला घेऊन गेली. लांब टेप मागायची तर पुन्हा अर्ज आला असता, म्हणून नवऱ्याचीच कपडे मापायची टेप, पाच फुटांची. दोघं गुडघ्यांवर बसून, खडूने खुणा करत, पायरीपासून भिंतीकडे सरकत गेले. रविवारची सुट्टीची पोरं थांबून बघत होती.

“बावीस वर्षं नोकरी केलीस,” नवरा धापा टाकत म्हणाला, “आणि शेवटी विद्यापीठाला पायजमा शिवायची वेळ आली.”

“गप्प बसा आणि खूण करा.”

भिंतीपाशी दहा टेपा भरल्या. पन्नास फूट. मग बाहेर येऊन पुढे मोजलं: दोन टेपा आणि वर चोवीस इंच. बासष्टावा फूट बरोबर गटाराच्या काठावर आला. भिंत बांधताना कुणीतरी बारा फूट आत बांधली होती आणि ती बारा फूट जमीन सगळे विसरून गेले होते. पोलिसांचं म्हणणं बरोबर होतं. तो माणूस आजवर विद्यापीठातच उभा होता.

सोमवारी तिने हे सगळं लिहून कुलसचिवांकडे दिलं. तिला वाटलं, झालं. कुलसचिवांनी तो कागद कायदेशीर सल्ल्यासाठी पाठवला, आणि तिला गुरुवारी सुरक्षा समितीच्या बैठकीला बोलावलं. वेळ चार. विषय: सुपरवायझर रोज साडेचारला फाटक सोडतात त्याबद्दल.

तिने सांगून पाहिलं, वेळ बदला. वेळ बदलता येत नव्हती, चहा सांगून झाला होता. तिने मुलीला निरोप दिला की आज मैत्रिणींबरोबर जा, आणि एका गार्डला फाटकावर लक्ष ठेवायला सांगितलं.

बैठकीत नऊ माणसं होती. सव्वाचारपर्यंत मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचला गेला. मग कुणीतरी सुचवलं की ‘सावध राहा’ असे फलक लावावेत. दुसऱ्याने रंग सुचवला. तिसरे म्हणाले, त्या विद्यार्थिनीला पश्चिम फाटकाने जायला सांगा, वळसा पडेल पण प्रश्न मिटेल.

शिट्टीबाईने इतका वेळ जीभ दाताखाली धरली होती. “रस्ता तिने का बदलायचा?” ती म्हणाली. “उभा तो आहे!”

“बाई, आवाज,” कुलसचिव म्हणाले.

तेवढ्यात तिच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. तो चालणाऱ्या दोनपैकी होता.

ती धावत गेली. पंचावन्नाव्या वर्षी, तीन मजले उतरून, सगळं मैदान ओलांडून. पोहोचेपर्यंत होऊन गेलं होतं. मैत्रिणींना उशीर झाला म्हणून मुलगी एकटीच निघाली होती. त्याने पाहिलं की आज शेजारी कुणी नाही. शेडपाशी त्याने तिचं मनगट धरलं आणि रस्त्याकडे ओढायला लागला. गार्ड भिंतीच्या आत उभा राहून ‘ए! ए!’ ओरडत होता. हुकूम होता ना. झेरॉक्सवाल्या बाईने मात्र कुणाचा हुकूम वाचला नव्हता. तिने कागदाचं अख्खं बंडल त्याच्या तोंडावर फेकून मारलं, मुलीला टपरीत ओढलं आणि शटर खाली घेतलं. तो पळाला.

शटर वर झालं तेव्हा मुलगी झेरॉक्स मशीनला टेकून बसली होती. मनगटावर चार बोटं उठली होती. तिने शिट्टीबाईकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “आज तुम्ही का नव्हतात?”

“मीटिंग होती,” शिट्टीबाई म्हणाली. आपल्याच तोंडातून तो शब्द ऐकून तिला शिसारी आली.

त्या संध्याकाळी तिने दैनंदिन अहवाल लिहिला. तो लिहिणं तिच्या अधिकारातलं होतं, आणि गुन्हा घडला तर त्याची प्रत चौकीत देणंही. तिने घटना लिहिली, वेळ लिहिली, त्या वेळी आपण कुठे होतो आणि काय चर्चा चालली होती तेही लिहिलं. मग खाली लिहिलं: घटनास्थळ विद्यापीठाच्या हद्दीत, भिंतीपासून बारा फूट, नकाशा मालमत्ता विभागात. स्वतः चौकीत जाऊन प्रत दिली आणि पोच घेतली. शिक्क्याची पोच दुसऱ्या दिवशी सकाळी कुलसचिवांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. “हे बाहेर द्यायच्या आधी विचारायला हवं होतंत.”

“गेले पाच आठवडे विचारतेच आहे, साहेब.”

पत्र चाळीस मिनिटांत निघालं. ज्या पत्रासाठी तिने सतरा खेपा घातल्या होत्या, ते चार ओळींचं होतं. पोलिसांनी त्या माणसाला त्याच दुपारी त्याच्या घरून उचललं. त्याच्या मोबाईलमध्ये मुलीच्या खोलीच्या खिडकीचेही फोटो निघाले. पुढे खटला उभा राहिला, आणि तो निकालात निघेपर्यंत मुलीच्या आसपास फिरकायचं नाही असा त्याला कोर्टाने हुकूम केला.

शिट्टीबाईलाही एक मेमो आला: हद्दीबाहेर मोजमाप केल्याबद्दल आणि गोपनीय नकाशा पाहिल्याबद्दल खुलासा करावा. तिने उत्तर लिहिलं, ‘मोजमाप हद्दीतच केले आहे. मालमत्ता विभागातील नकाशा पाहावा.’ त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

मुलगी पंधरा दिवस घरी राहून परत आली. परीक्षा दिली, पासही झाली. पण एकटी कधी चालली नाही, आणि शिट्टीबाईबरोबरही नाही. झेरॉक्सवाल्या बाईबरोबर जायची. भेटली की नमस्कार करायची, थांबायची मात्र नाही. शिट्टीबाईने ते मनाला लावून घेतलं नाही असं ती म्हणायची. पण नवऱ्याला ते खरं वाटायचं नाही. “तू तर धावलीस की,” तो एकदा म्हणाला. ती म्हणाली, “धावायची वेळ येऊ न देणं, हे माझं काम आहे.” नवऱ्याने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि मशीन चालवायला घेतली.

पट्ट्यावर आता दिवे आहेत, फरशी आहे, आणि साडेचार ते सात एक गार्ड भिंतीबाहेर उभा असतो. ‘सुरक्षित पदपथ’ अशी पाटीही लागली. पाटीचं उद्घाटन कुलसचिवांच्या हस्ते झालं, भाषणात दूरदृष्टीचा उल्लेख झाला, फोटो निघाले. फोटोत शिट्टीबाई नाही. पाहुण्यांच्या गाड्या फार झाल्या होत्या आणि सगळ्यांनाच सावलीतली जागा हवी होती.